संयुक्त शाळा अनुदान: इमारत एक, शाळा तीन, टाकी सामाईक. खर्च कोणी आणि कसा दाखवायचा?

प्रभारी मुख्याध्यापिका, घाटकोपर

नमस्कार. महापालिकेची मराठी माध्यमाची शाळा, पहिली ते आठवी, यूडायसवर (शाळांच्या सरकारी माहिती नोंदीवर) पट २६८. समग्र शिक्षा या केंद्र-राज्य योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात पटाप्रमाणे आमचा टप्पा ७५,००० चा, पण पीएफएमएसवर (सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर) लिमिट, म्हणजे खर्च करता येईल ती रक्कम, ३७,५०० चीच दिसतेय. बाकीचं गृहीत धरून पुरवठा आदेश काढायचे का?

दुसरं. याच इमारतीत हिंदी माध्यमाची (पट ४१२) आणि उर्दू माध्यमाची (पट ५२०) शाळा भरते. तिघांचे यूडायस क्रमांक वेगळे, शाळा व्यवस्थापन समित्या वेगळ्या, खाती वेगळी. पाण्याची टाकी आणि मुलींची स्वच्छतागृहं मात्र सामाईक. टाकीची सफाई, गळके नळ आणि दोन फ्लश टाक्या मिळून १८,००० चा अंदाज आलाय. हिंदीच्या सरांचं म्हणणं, या वर्षी एका शाळेने भरावं, पुढच्या वर्षी दुसरीने. हे चालेल का?

तिसरं. लेखनसामग्रीच्या पुरवठादाराचं एक पेमेंट अडकलंय. बँकेत पीपीए (पीएफएमएसवरून छापलेली पेमेंटची सूचना) दिली, शिक्का घेतला, पण त्याच्या खात्यात पैसे नाहीत. त्याच्या बिलावर देना बँकेचं खातं आहे. मार्च तोंडावर आलाय आणि उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान किती खर्च झालं याचा दाखला) मागितलंय. ही रक्कम खर्चात धरू का?

लेखा शाखेतून

बाई, आधी लिमिटचं सांगतो. टप्पा आणि लिमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० पर्यंत पट असेल तर १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० आणि त्यापुढे एक लाख, हे निकषातले आकडे. त्या मर्यादेत राज्याकडे जेवढा निधी आला तेवढंच लिमिट शाळेला लागतं. केंद्राचा हिस्सा ६० टक्के, राज्याचा ४०, आणि दोन्ही हप्त्यांनी येतात. म्हणून ३७,५०० च्या वर एक रुपयाचाही पुरवठा आदेश काढू नका. दुसरा हप्ता आलाच नाही तर दुकानदाराची देणी समितीच्या नावावर राहतात, आणि पुढच्या वर्षीच्या अनुदानातून मागचं बिल भागवणं हा लेखापरीक्षणातला हमखास आक्षेप आहे.

ठराव मात्र पूर्ण ७५,००० चा करून ठेवा, कामं प्राधान्यक्रमाने लावून. पहिल्या ३७,५०० मध्ये काय बसतं तिथे रेघ मारा आणि 'उर्वरित कामे लिमिट प्राप्त झाल्यावर' असं इतिवृत्तात लिहा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिमिट आलं तर नवी सभा बोलवायला वेळ नसतो, दरपत्रकं तयार असली तर दोन दिवसांत काम होतं.

किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च झालीच पाहिजे. ३७,५०० वर ती ३,७५० होते, पूर्ण रक्कम आली तर ७,५००. टाकीसफाई, नळ, साबण, फिनेल, कचऱ्याचे डबे हे सगळं यात येतं, त्यामुळे तुमचा सामाईक खर्चातला वाटा इथेच दाखवा.

बाकीची रक्कम बंद पडलेली उपकरणं बदलणं, किरकोळ दुरुस्ती, प्रयोगशाळेचं आणि शैक्षणिक साहित्य, इंटरनेट अशा गोष्टींसाठी. सत्कार, चहापान, मानधन यातलं काही नको. ग्रंथालयाचं आणि क्रीडा साहित्याचं लिमिट वेगळ्या घटकाखाली येतं. ते न वापरता संयुक्त अनुदानातून पुस्तकं घेतली की एका घटकात जास्त खर्च आणि दुसऱ्यात अखर्चित रक्कम, दोन्हीकडे खुलासा द्यावा लागतो. महापालिका मुलांना वह्या, दप्तरं, गणवेश देते, त्याच वस्तू यातून घेऊ नका. वीजबिल महापालिका भरत असेल तर तेही इथे दाखवू नका.

एक गोष्ट आजच तपासा. पट २५० च्या आसपास असलेल्या शाळांचा टप्पा यूडायस प्लसवर ठरतो, हजेरीपटावर नाही. मूल वर्गात बसतंय पण जुन्या शाळेने त्याची नोंद सोडलेली नाही, किंवा ते ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या पण दुसरीकडे नोंद न झालेल्या मुलांच्या यादीत) पडून आहे, तर ते तुमच्या पटात मोजलं जात नाही. तुमच्याकडे २६८ आहेत, म्हणजे अठरा मुलं कमी झाली की टप्पा ५०,००० वर येतो. घाटकोपर, गोवंडी, मानखुर्दकडे घरं बदलणारी कुटुंबं खूप, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. पीईएन (यूडायसवरचा विद्यार्थ्याचा कायम क्रमांक) हजेरीपटाशी एकेक करून जुळवायला एक दुपार लागते. ती द्या.

इमारत प्रमुख, कुर्ला

सामाईक खर्चाबद्दल लिहितो. 'या वर्षी तुम्ही, पुढच्या वर्षी आम्ही' हे अजिबात करू नका. अनुदान यूडायस क्रमांकाला मिळतं, इमारतीला नाही. हिंदीच्या शाळेने पूर्ण १८,००० भरले तर त्यांच्या कागदांवर उर्दू आणि मराठी शाळेच्या मुलांसाठीचा खर्च येतो. एका समितीच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात पैसे वळवून नंतर समायोजन करण्याची सोय या व्यवस्थेत नाही. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलले की तोंडी ठरलेलं कोणाला माहीतही नसतं.

त्याआधी इमारतीच्या सफाईचं कंत्राट वाचा. टाकीची सफाई ठरावीक महिन्यांनी कंत्राटदारानेच करायची असं त्यात असेल तर अनुदानातून एक पैसाही घालायचा नाही. लेखी तक्रार करून त्याच्याकडूनच करून घ्यायची. प्लंबिंगचं मोठं काम, म्हणजे मुख्य लाइन किंवा ड्रेनेज, हे शालेय पायाभूत सुविधा कक्षाकडे पाठवायचं. नळ, फ्लशचा वॉशर, फ्लोट व्हॉल्व्ह, टाकीचं झाकण एवढंच आपल्या वाट्याचं.

कंत्राटात नसेल तर विभागणी पटावर करा. तिन्ही शाळांचा पट मिळून १,२००, खर्च १८,०००, म्हणजे मुलामागे १५ रुपये. मराठी ४,०२०, हिंदी ६,१८०, उर्दू ७,८००. तिन्ही मुख्याध्यापकांची एक संयुक्त बैठक, त्याचं टिपण तिघांच्या सहीने. मग प्रत्येक समितीचा स्वतःचा ठराव, त्यात एकूण रक्कम, आपला वाटा आणि विभागणीचा आधार लिहायचा. पुरवठादाराने तीन वेगळी बिलं द्यायची, प्रत्येकावर त्या त्या शाळेचं नाव आणि यूडायस क्रमांक.

इथे एक खाच आहे. बिलं तीन असली तरी काम एकच आहे. दरपत्रकं मागवायची की नाही हे १८,००० वर ठरवायचं, ४,०२० वर नाही. नाहीतर मर्यादा चुकवायला खरेदीचे तुकडे पाडले असं लेखापरीक्षक लिहितात, आणि ते बरोबरच लिहितात. तीन दरपत्रकं एकदाच घ्या, मूळ प्रत एका शाळेत, साक्षांकित प्रती बाकी दोघांकडे.

दरपत्रकात 'टाकी साफ करणे' एवढंच लिहून घेऊ नका. टाकी किती लिटरची, वरची की जमिनीखालची, गाळ काढून बाहेर नेणार का, निर्जंतुकीकरण करणार का, नळ पितळी की प्लास्टिकचे आणि किती इंची, हे सगळं तिघांकडून सारखं लिहून घ्या. नाहीतर तुलनात्मक तक्त्यात तीन वेगवेगळ्या कामांचे दर शेजारी शेजारी बसतात आणि स्वस्तवाला अर्धंच काम करून जातो. काम झाल्यावर जुने नळ मोजून निरुपयोगी वस्तूंच्या नोंदीत घ्या.

समिती सदस्य (पालक), विक्रोळी

पालकांच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं म्हणून लिहिते. आमच्या समितीतल्या बऱ्याच आया कामावर जातात. रिक्षातून उतरून शाळेच्या गेटवर 'ताई, इथे सही करा' असं होतं आणि कागदावर काय आहे ते वाचायलाही मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचं काम म्हणून लिहिलेलं आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला, हे त्यासाठीच ठेवलंय. कोऱ्या ठरावावर किंवा बिल न दाखवता पीपीएवर सही मागू नका. सभा सकाळच्या पाळीत मुलांना सोडायच्या वेळी ठेवली तर गणसंख्या होते, दुपारी दोनला होत नाही.

बाई, एवढं करा. बिल, ठरावाचा क्रमांक आणि ती वस्तू, तिन्ही अध्यक्षांसमोर ठेवा आणि मगच सही घ्या. किती अनुदान आलं, कशावर गेलं हे दर्शनी फलकावर लिहा. लोक वाचतात, आणि नळ पुन्हा गळला की लगेच सांगायलाही येतात.

प्रभारी मुख्याध्यापिका, घाटकोपर

ताई, बरोबर आहे, फलकावर लावते. पटाप्रमाणे विभागणी हिंदी आणि उर्दूच्या सरांना पटली. ठरावाची तारीख दरपत्रकांच्या आधीची हवी का? काही शाळांत दरपत्रकं आधी आणि ठराव नंतर असं असतं. आणि अडकलेल्या पेमेंटचं राहिलं.

लेखा शाखेतून

क्रम असा ठेवा: कामाची गरज आणि अंदाजित रकमेचा ठराव, मग दरपत्रकांसाठी पत्रं, तिन्ही दरपत्रकं सीलबंद घेऊन समितीसमोर उघडणं, तुलनात्मक तक्ता, कमी दराला मान्यता, पुरवठा आदेश, माल किंवा काम, नोंदवहीत नोंद, बिलावर 'माल मिळाला, नोंद पान क्रमांक अमुक' असा शेरा, आणि शेवटी पेमेंट. आदेशाच्या आधीची तारीख बिलावर दिसली की सगळी फाइल संशयात येते. टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, संपणाऱ्या वस्तू उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत. फिनेल जडसंग्रहात आणि पंखा उपभोग्यमध्ये, असं बऱ्याच शाळांत दिसतं. मग वार्षिक पडताळणीला पंखा सापडत नाही.

बिल हातात घेतल्यावर जीएसटी क्रमांक बघा. मुंबईतल्या दुकानदाराचा क्रमांक २७ ने सुरू झाला पाहिजे. कंपोझिशन योजनेतला (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतला) दुकानदार असेल तर त्याला ग्राहकाकडून कर वसूल करता येत नाही, तो 'बिल ऑफ सप्लाय' देतो. त्याच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला दिसला तर बिल परत करा. क्रमांकच नाही आणि कर मात्र लावलाय, हेही तसंच.

आता अडकलेलं पेमेंट. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. आयएफएससी बदलले, काहींचे खाते क्रमांकही बदलले, पण दुकानदार जुनं बिलबुक संपेपर्यंत वापरतात. आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँकेची खाती युनियन बँकेत, सिंडिकेटची कॅनरात गेली, ती १ एप्रिल २०२० ला. म्हणून बिलावरचा खाते क्रमांक कधीच उचलायचा नाही. रद्द केलेला चालू धनादेश किंवा पासबुकाचं ताजं पान मागायचं. पीएफएमएसवर पुरवठादाराचं नाव बँकेत आहे तसंच अक्षर अन् अक्षर भरायचं. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि खातं मालकाच्या नावाने, यातही पेमेंट परत येतं.

पीएफएमएसमध्ये त्या व्यवहाराची स्थिती उघडा. 'फेल' असेल तर कारणही दिसतं. पुरवठादाराचा तपशील दुरुस्त करून मेकरने नव्याने भरायचं, चेकरने मान्य करायचं, नवी पीपीए काढायची. स्थिती अजून 'प्रलंबित' असेल तर थांबा. 'फेल' दिसेपर्यंत दुसरं पेमेंट करू नका, नाहीतर एकाच बिलाचे पैसे दोनदा जातात आणि ते परत आणायला पत्रव्यवहार करत बसावं लागतं. पीपीए काढून दप्तरात ठेवून दिली तर तिची मुदत संपते आणि तेवढं लिमिट अडकून राहतं. काढली त्याच दिवशी बँकेत द्यायची.

उपयोगिता प्रमाणपत्रात ही रक्कम आज धरू नका. ३१ मार्चपर्यंत पुरवठादाराच्या खात्यात यशस्वी जमा झालेले व्यवहार तेवढेच खर्च. बँकेचा शिक्का असलेली पीपीए म्हणजे खर्च नव्हे, दिलेली आगाऊ रक्कमही नव्हे. पीएफएमएसचा खर्च अहवाल, रोकडवही आणि प्रमाणपत्र, तिन्हीकडचा आकडा पैशांपर्यंत जुळला पाहिजे. खातं झिरो बॅलन्सचं असल्यामुळे पासबुकात शिल्लक शून्य दिसेल, ते बरोबर आहे. न वापरलेलं लिमिट ३१ मार्चला परत जातं, ते 'शिल्लक' म्हणून पुढच्या वर्षात ओढू नका.

इमारत प्रमुख, कुर्ला

एक जोडतो. मेकर आणि चेकर दोन्ही आयडी एकाच शिक्षकाच्या मोबाइलवर चालवू नका. ओटीपी एकाच माणसाकडे आला की दुसऱ्या नजरेची तपासणी उरत नाही. आणि समितीचं पुनर्गठन झालं असेल तर नव्या अध्यक्षांची सही बँकेत बदलून घ्या. ते काम फेब्रुवारीतच उरका, मार्चच्या शेवटी बँकेत त्यासाठी कोणी वेळ देत नाही.

प्रभारी मुख्याध्यापिका, घाटकोपर

स्थिती 'फेल' आहे, कारण आयएफएससी. पुरवठादाराकडून नवा धनादेश मागवलाय. सफाईचं कंत्राटही वाचलं: टाकीची सफाई त्यात आहे, नळ आणि फ्लश नाहीत. म्हणजे १८,००० मधून सफाईची रक्कम वजा करून नवी दरपत्रकं मागवते, आणि उरलेल्या रकमेची विभागणी त्याच पटावर.