सभासदांच्या ‘आय’ (I) नमुना नोंदवहीतील व्यवसायाचा रकाना : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

शिंदे, बी-३०२ : चौगुलेसाहेब, आज आपण फलकावर लावलेली आणि इथेही टाकलेली सभासदांची यादी पाहिली. माझ्या नावापुढे ‘व्यापारी’ आणि पाटीलवहिनींच्या नावापुढे ‘काही नाही’ असे लिहिण्यापूर्वी एका शब्दाने विचारावे असे वाटले नाही का? लिफ्टच्या वर्गणीच्या वेळी ‘व्यापाऱ्यांना काय जड आहे’ असे कोण म्हणाले होते, ते सर्वांच्या लक्षात आहे. तेच आता नोंदवहीत चढू नये, एवढीच विनंती.

चौगुले (सचिव), ए-१०१ : शिंदेकाका, यादी मी हौसेने केलेली नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ प्रमाणे सभासदाचे नाव, पत्ता आणि व्यवसाय नोंदवहीत असावाच लागतो. आपल्या आय नमुन्यातला तो रकाना पहिल्यापासून कोरा आहे आणि लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला आहे. जिथे माहिती नव्हती तिथे माझ्या समजुतीप्रमाणे लिहिले. दुरुस्ती असल्यास कळवावी. मात्र रकाना दोन बोटे रुंद आहे, तेव्हा दोन-तीन शब्दांत कळवावी.

कुलकर्णी, ए-३०४ : विषय निघालाच आहे तर माझा मुद्दा पुन्हा नम्रपणे मांडतो. ज्या सदनिकेतून व्यवसाय चालतो, त्या सदनिकेला देखभाल खर्च वेगळ्या दराने लावावा.

शिंदे, बी-३०२ : दोन शब्दांत सांगायचे तर हळदीची अडत. पण ज्यांना यार्डातले दुकान म्हणजे नोटा मोजण्याची जागा वाटते, त्यांच्यासाठी थोडे अधिक लिहितो. शेतकरी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणतो. पोती माझ्या दुकानापुढे उतरतात, सौदा निघतो, खरेदीदार पोत्यातले हळकुंड मोडून आतला रंग पाहतात, बोली लागते, वजन होते आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाची पावती, मी करतो. या सगळ्यात माझा स्वतःचा माल मूठभरही नसतो. शेतकऱ्याला पैसे लगेच हवे असतात, कारण त्याची पुढची लागण तोंडावर असते; खरेदीदार मात्र सवडीने देतो आणि मधला काळ माझ्या पैशावर चालतो. खरेदीदाराने हात वर केले तर शेतकरी त्याच्या दारात जात नाही, माझ्या दारात येतो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा याच सोसायटीत माझ्याकडून पेढे खाल्ले गेले आहेत.

माने, सी-२०२ : पेढे उत्तम होते. मानांकन पुन्हा केव्हा मिळणार आहे?

कुलकर्णी, ए-३०४ : शिंदे, आपले दुकान मार्केट यार्डात आहे, त्यामुळे माझे म्हणणे आपल्याबद्दल नाही. आपण अंगावर ओढून घेऊ नये.

पाटीलवहिनी, बी-१०३ : मग कुणाबद्दल आहे, तेही भाऊजींनी लिहावे.

कुलकर्णी, ए-३०४ : मी व्यक्तीबद्दल बोलत नाही, तत्त्वाबद्दल बोलतो. सकाळी सहा वाजता जिन्यात फोडणीचा वास असतो आणि खाली दुचाक्या उभ्या राहतात, ही वस्तुस्थिती आहे.

पाटीलवहिनी, बी-१०३ : तत्त्वाला फोडणीचा वास येतो हे मला आजच कळले. मी डबे देते. मिरजेतल्या दवाखान्यांतल्या सिस्टर आणि विश्रामबागेत खोली करून राहिलेली मुले हे माझे गिऱ्हाईक आहे. पहाटे साडेचारला कणीक भिजते, सहाला पहिल्या खेपेचे डबे भरून होतात, कारण पहिल्या पाळीच्या मुली सातच्या आत वॉर्डात असाव्या लागतात. कुणाला भात नको असतो, कुणाचा शनिवार असतो, एका मुलाला शेंगदाणा चालत नाही म्हणून त्याची भाजी वेगळ्या पातेल्यात होते. अन्नसुरक्षेची नोंदणी केलेली आहे. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक आहे; भाऊजी रोज बाल्कनीतून पाहतात, तोच. हे गेल्यानंतर दोन्ही मुलांचे शिक्षण याच शेगडीवर झाले, आणि आपल्या सचिवांच्या समजुतीप्रमाणे मी करते ‘काही नाही’.

चौगुले (सचिव), ए-१०१ : वहिनी, मनापासून दिलगीर आहे. पण आपण डबे देता हे लिहिले असते, तर व्यवसायाची नोंद मीच केली म्हणून उद्या आपणच माझ्यावर रागावला असता. कुलकर्णीसाहेबांचा अर्ज जानेवारीपासून माझ्या फाइलला आहे.

शिंदे, बी-३०२ : म्हणजे यादीमागे अर्ज आहे. हे आधी सांगायला हवे होते.

देशपांडेबाई, सी-१०१ : मी २०११ च्या जनगणनेत प्रगणक होते, म्हणून सांगते. वर्षात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम केलेला माणूस मुख्य काम करणारा आणि त्याहून कमी केलेला सीमांतिक, अशी विभागणी होती. घरच्यांसाठीचा स्वयंपाक, धुणे, आजाऱ्याची उस्तवार यांना काम धरलेच जात नसे. दारोदार जाऊन विचारले की बायका स्वतःच ‘मी काही करत नाही’ म्हणून सांगत, आणि सांगताना त्यांच्या हाताला पीठ लागलेले असे. मात्र डबे विकणारी बाई त्या नियमानेही काम करणारीच ठरते. तेव्हा चौगुले, तुमची यादी जनगणनेच्याही मागे गेली आहे.

सय्यदभाई, सी-३०३ : माझ्या नावापुढे ‘सुतार’ लिहिले आहे. राग नाही, सुतारकामही पुष्कळ करावे लागते. पण मी मिरजेत तंबोरे करतो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचे. कारखान्यातले काम सहाला संपते आणि जवारीचे, म्हणजे तारेचा आवाज फुलवण्याचे, काम मी घरी आणतो, कारण त्याला शांतता लागते. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने केसभर घासायचा, तारेखाली सुताचा जीव सरकवायचा, छेडायचे, ऐकायचे, पुन्हा घासायचे. तार घोडीवर नेमकी टेकली तरच आवाज फुलतो. थोडे जास्त घासले गेले तर सगळी बैठक पुन्हा काढावी लागते. २०२४ मध्ये मिरजेच्या सितार-तंबोऱ्यालाही मानांकन मिळाले, पण पेढे वाटायचे राहून गेले, ते मानेदादांना देईन.

कुलकर्णी, ए-३०४ : सय्यदभाईंच्या कलेबद्दल मला आदरच आहे, तरी रात्री नऊनंतर एकच सूर तासभर ऐकणाऱ्याच्या बाजूनेही विचार व्हावा. पुन्हा नमूद करतो, ज्या सदनिकेतून व्यवसाय चालतो, त्या सदनिकेला देखभाल खर्च वेगळ्या दराने लावावा.

सय्यदभाई, सी-३०३ : नऊचे मान्य आहे, उद्यापासून साडेआठला थांबेन. दराचे मान्य नाही.

माने, सी-२०२ : ए-३०४ मध्येही रात्री अडीच वाजता दिवा असतो आणि कुणीतरी इंग्रजीत बोलत असते, तोही व्यवसायच का, याचा खुलासा व्हावा.

कुलकर्णी, ए-३०४ : तो आमचा अभिजित आहे आणि ती नोकरी आहे. नोकरी आणि व्यवसाय यांतला फरक सर्वांना कळतो.

अभिजित, ए-३०४ : बाबा, माझे मीच सांगतो. एका परदेशी बँकेच्या संगणक यंत्रणेवर मी रात्री लक्ष ठेवतो. त्यांचा दिवस तो आपली रात्र. एखाद्या ग्राहकाचे पैसे मधेच अडकले की कोणत्या टप्प्यावर अडकले ते शोधायचे आणि ज्याचे काम त्याला झोपेतून उठवायचे, असे काम आहे. यंत्रणा बिघडली नाही तर रात्रभर पडद्याकडे पाहत बसणे, हेच चांगले काम समजले जाते. दिवसा झोपलेला दिसतो म्हणून खालच्या आजींनी आईला दोन स्थळे ‘मुलगा सध्या घरी असतो’ असे सांगून परत पाठवली. पगार घेतो तो याच घरात बसून, त्यामुळे वेगळा दर ठरलाच तर आपणही त्यात येतो.

शिंदे, बी-३०२ : अभिजितचे अभिनंदन.

कुलकर्णी, ए-३०४ : घरातली गोष्ट ग्रुपवर आणण्याचे कारण नव्हते.

शिंदे, बी-३०२ : सचिवांनी स्वतःपुढे ‘बँकेत नोकरी’ लिहिले आहे, तेही अर्धेच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते तासगावच्या शेडवरून फोन उचलतात.

चौगुले (सचिव), ए-१०१ : ते खरे आहे, काका. वडिलांची बाग आहे आणि आम्ही बेदाणा करतो. द्राक्षे द्रावणात बुडवून जाळीवर पसरली की पुढचे साधारण दोन आठवडे आभाळाकडे पाहण्यात जातात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि त्या दिवसांत पावसाची सर आली तर रंग काळवंडून भाव पडतो. बँकेच्या पगारातला किती भाग त्या शेडवर जातो, हे सौ. सांगू शकेल. बाईंच्या हिशेबाने मी तिथे सीमांतिक ठरतो.

मगदूमअण्णा (अध्यक्ष), ए-२०१ : मी नोकरीभर व्यवसाय कराच्या वसुलीत होतो, म्हणून एक सांगतो. हा कर पगारदाराकडूनही घेतला जातो आणि धंदेवाल्याकडूनही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने त्याला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्या खात्याने नोकरदार आणि डबेवाली यांना एका कायद्यात बसवले. देखभाल खर्चाचा दर ग्रुपवर ठरत नाही. कुलकर्णींनी वार्षिक सभेसाठी ठराव द्यावा, तो कार्यसूचीवर घेऊ. चौगुले, फलकावरची यादी आजच काढा, प्रत्येक घरी कोरा अर्ज द्या, ज्याने त्याने आपल्या हाताने भरावा आणि रविवारपर्यंत परत करावा. रकान्यात मावले नाही तर मागे पुरवणी जोडावी.

कुलकर्णी, ए-३०४ : ठराव देत आहे. ज्या सदनिकेतून व्यवसाय चालतो…

माने, सी-२०२ : …त्या सदनिकेला देखभाल खर्च वेगळ्या दराने लावावा. पाठ झाले, साहेब.

लोखंडेसिस्टर, बी-२०४ : आताच ड्युटीवरून सुटले आणि सगळे वाचले. रविवारपर्यंत माझी रात्रपाळी आहे, दिवसा बेल वाजवली तर दार उघडणार नाही. माझा अर्ज पाटीलवहिनींकडे ठेवावा, उद्याच्या डब्याबरोबर तो माझ्यापर्यंत येईल.