ग्राहक आणि व्हेंडर मंडळींची आउटिंग: खेळ कोणता ठेवावा? (पुणे, जानेवारी)

भोसरीवाला
मंडळी, सल्ला हवाय. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. आसपासचे काही जॉबवर्कवाले मिळून आम्ही दरवर्षी ग्राहक कंपन्यांच्या परचेस आणि क्वालिटीच्या लोकांना हॉटेलात जेवायला बोलावतो. परचेसवाले एका टेबलावर, आम्ही दुसऱ्या, आणि स्टार्टर संपले की जो तो घड्याळ बघतो. यंदा त्याऐवजी काहीतरी खेळ ठेवू असं ठरलंय. साधारण तीसजण, वय सव्वीस ते साठ, सहा-सात बायका, दोघांचे गुडघे कुरकुरतात. जानेवारीतला शनिवार, माणशी दीड हजारापर्यंत. ओळखी व्हाव्यात एवढीच अपेक्षा. त्याच दिवशी ऑर्डर मिळावी असं नाही (मिळाली तर नको म्हणणार नाही).

टप्पा_आऊट
टर्फ बुक करा, बॉक्स क्रिकेट. विषय संपला.

अनुजा_के
संपला कसला? मी परचेसमध्येच आहे, अशी आमंत्रणं आम्हाला येतात. कॉलेजात खेळलेले चार-पाचजण बॅटिंगही करतात आणि बॉलिंगही. साहेब पहिल्या बॉलला बोल्ड झाले की अंपायरला नो-बॉल आठवतो. आम्ही बायका जाळीबाहेर खुर्च्यांवर, सगळ्यांचे मोबाईल आणि पाकिटं सांभाळत. ओळख कुणाची कुणाशी व्हायची?

टप्पा_आऊट
बरं ताई, मान्य. मग इनडोअर क्रिकेटचे नियम लावा. आठजणांची टीम, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीला चार ओव्हर, आउट झालं तरी बाहेर जायचं नाही, फक्त पाच रन वजा. बॉलिंग प्रत्येकाने दोन ओव्हर करायचीच. जोड्या चिठ्ठ्या टाकून, एक ग्राहक आणि एक व्हेंडर. पिचच्या मध्यावर पोचून "मागे फिर, मागे फिर!" ओरडायची वेळ आली की अहो-जाहो आपोआप गळून पडतं.

बाणेरचा_बंडू
गोल्फ कुणीच कसं म्हटलं नाही? मोठे सौदे तिथेच होतात ना?

सावकाश_स्विंग
मी खेळतो म्हणून सांगतो. अठरा होलला चार-साडेचार तास लागतात आणि एका गटात चौघे. फटका मारायला जातात काही सेकंद, बाकी सगळं चालणं आणि बोलणं, म्हणून ओळख पक्की होते. पण होते ती त्या चौघांचीच. तीस नवशिक्यांना कोर्सवर कोण सोडणार? ड्रायव्हिंग रेंजवर तासभर नेता येईल. मजा येते, पण जो तो समोर बघून चेंडू मारत असतो, गप्पा होत नाहीत. तुमच्यासाठी गोल्फ नाही.

गडवाट
लोहगड. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या. चालताना माणसं जेवढी मोकळी बोलतात तेवढी कुठेच नाही. अडचण एकच, पहिल्या अर्ध्या तासात घोळका फुटतो. तरणी पोरं महादरवाजात आणि गुडघेवाले अजून खाली चहाच्या टपरीवर. आणि कुणाला 'थोडी' घ्यायची असेल तर कुठलाच गड नको. लोहगड २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे बाटल्या घेऊन जाणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, धागा उडेल.

बाणेरचा_बंडू
कोलाडचं राफ्टिंग?

गडवाट
तिथल्या कुंडलिका नदीला पाणी वीजप्रकल्पातून सोडतात, ते सकाळी. म्हणजे भोसरीहून पहाटेच निघायला हवं. शिवाय पाण्याला घाबरणारा 'मी घाबरतो' असं ग्राहकासमोर कबूल करत नाही, तो आदल्या रात्री 'तब्येत बरी नाही' असा मेसेज टाकतो.

अनुजा_के
माझं मत पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टवर पॅडल आणि भोकं असलेल्या प्लास्टिकच्या चेंडूने खेळायचं टेनिससारखं. हल्ली फॅड झालंय म्हणून नाही, या कामाला ते खरंच बसतं म्हणून. कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, ४४ बाय २० फूट, त्यामुळे पळापळ कमी. सर्व्हिस खालून करायची, नेटजवळच्या सात फुटांत उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही, म्हणजे ताकदवान माणसाला नेटवर येऊन धोपटता येत नाही. बॅडमिंटनमध्ये खेळणारा आणि न खेळणारा दुसऱ्याच रॅलीत कळतो, इथे नवखा माणूसही थोड्या वेळात चेंडू परतवायला लागतो. अकरा पॉइंटचा गेम, संपला की जोडीदार बदलायचा. तीन कोर्ट घेतलीत तर बाराजण आत, अठरा बाहेर. ते बाहेरचे अठराच महत्त्वाचे, कारण बोलणं बाकावर होतं. त्यांच्यासाठी चहा आणि दोन कॅरम बोर्ड ठेवा. गुडघेवाल्यांनी दिवसभर कॅरम खेळला तरी कुणाला वावगं वाटणार नाही.

दोन गोष्टी सांभाळा. बूट नॉन-मार्किंग (कोर्टवर डाग न पाडणारे) हवेत का ते कोर्टवाल्याला विचारून आमंत्रणातच लिहा, नाहीतर लोक फॉर्मल बुटात येतात. आणि ट्रॉफी नको. ट्रॉफी आली की तुमच्यातला एखादा ती जिंकायला निघतो.

सीए_काका
खेळ कुठलाही घ्या, आधी ग्राहक कंपन्यांची भेटवस्तू आणि पाहुणचाराची पॉलिसी विचारा. बऱ्याच ठिकाणी परचेसवाल्यांना व्हेंडरच्या खर्चाने काही चालत नाही. सरळ वर्गणी ठेवा, प्रत्येकाने आपापली भरायची, मग कुणाची मान खाली नाही. जुलै २०२२ पासून धंद्यातल्या माणसाला दिलेल्या लाभावर, वर्षाला वीस हजारांच्या वर गेल्यास, १० टक्के टीडीएस आहे. तुम्ही दीड हजारावर आहात, चिंता नाही. गोव्याचं पॅकेज वगैरे डोक्यात आलं तर मात्र आधी मला विचारा. आणि बाहेरच्या केटरिंगच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा बजेट करसकट धरा.

गडवाट
जानेवारी आहे आणि हुरड्याचं कुणी नाव काढत नाही?! सकाळी खेळा, दुपारी हुरडा. आगटीभोवती गोल बसावंच लागतं, तिथे परचेसचं टेबल वेगळं होत नाही. हातावर गरम कणसं चोळताना मोबाईल धरता येत नाही, हा आणखी एक फायदा. वर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही.

भोसरीवाला
सगळ्यांचे आभार. ठरलं: सकाळी आठ ते अकरा पिकलबॉल आणि कॅरम, जोड्या चिठ्ठ्यांनी, ट्रॉफी नाही. मग बसने हुरडा. वर्गणीचं आजच ग्राहकांना कळवतो, अनुजाताई, तुमच्या कंपनीत चालेल ना?

अनुजा_के
वर्गणी असेल तर चालेल. मेल पाठवा, फोनवर सांगू नका. आणि टप्पा_आऊट येणार असतील तर चिठ्ठ्या मी काढणार.

टप्पा_आऊट
मला बोलावलंय का पण?

गडवाट
भोसरीवाले, हुरडावाल्याला आधी विचारा, कणसं सुरती (हुरड्याच्या ज्वारीची जात) आहेत ना आणि कुठल्या शनिवारी कोवळी मिळतील. तारीख त्यावरून ठरवा, कोर्ट नंतर बुक होतं.