विषय: जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतलीये, कॅमोफ्लाज रंग मारायचाय

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे मध्येच घुसवतोय, सांभाळून घ्या. परवा एका गॅरेज सेलमध्ये १४ फुटी जॉन बोट मिळाली, चपट्या बुडाची आणि पुढनं चौकोनी, ट्रेलरसकट. स्वस्तात मिळाली म्हणजे कशी असेल ते समजून घ्या, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेत, बाकाखाली उंदराचं घरटं होतं आणि मागचा मालक हसत म्हणाला थोडं पाणी येतं आत. वॉलाय मासा पकडायचाच आहे पण खरा डाव असा की ऑक्टोबरात इथे मिनेसोटात बदकं खाली येतात तेव्हा पाणकणसात बोट घुसवून फोटो काढायचे. खाकी, हिरवा, काळा असे सहा स्प्रे कॅन आणून ठेवलेत. रविवारी मारून टाकू ना?

– बोटवाला

---

अरे थांब. डबे खाली ठेव आधी.

मी माझी अशीच एक केली होती आणि ती दोनदा करावी लागली कारण पहिल्यांदा मी पण रविवारी मारून टाकला होता. वर्षभरात रंग सापाच्या कातेसारखा उतरला. त्याचं कारण असं की अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं रे पडलं की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, डोळ्याला दिसत नाही पण साधा रंग त्याला नीट चिकटत नाही. म्हणून सुटलेला रंग सगळा काढ, तेलकटपणा धू, घास, आणि घासलंस की त्याच दिवशी सेल्फ एचिंग प्रायमर (पत्र्याला चावून धरणारा रंगाखालचा पहिला हात) मार, उद्या बघू करू नको. घासायला नायलॉनचा ब्रश किंवा सँडपेपर घे, लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि मग तिथनंच तो पत्रा खायला लागतो.

पण त्याच्याही आधी गळती. बोट ट्रेलरवर असतानाच आत पाणी भर आणि खाली वाकून बघ कुठला रिव्हेट (पत्रे जोडणारा खिळा) ठिपकतोय, मार्करने गोल कर. काठोकाठ भरू नको हां! बूड साडेतीन फूट रुंद धरलं तर नुसतं ४ इंच पाणी म्हणजे हजारेक पौंड वजन होतं, बुडाखाली ठोकळे दे, नाहीतर नवीनच काम निघेल. ढिले रिव्हेट परत ठोकायला दोन माणसं लागतात, एकाने बाहेरनं हातोडी मारायची आणि दुसऱ्याने आतनं जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मी येतो शनिवारी, ठोकळा आहे माझ्याकडे. भोकच मोठं झालं असेल तर तो ड्रिल करून काढायचा आणि बंद तोंडाचा अ‍ॅल्युमिनियमचाच रिव्हेट मरीन सीलंटमध्ये बुडवून बसवायचा.

बाकाखालचा फोम दाबून बघ, ओला असेल तर काढ पण जागा रिकामी ठेवू नको. बोट पाण्याने भरली तरी तरंगावी म्हणून तो असतो, एक घनफूट फोम साधारण ६० पौंड तोलतो. आणि खाली फळी घालणार असशील तर ती ट्रीटेड म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या लाकडाची नको, त्यात तांबं असतं आणि तांबं नि अ‍ॅल्युमिनियम ओले एकत्र राहिले की अ‍ॅल्युमिनियम संपलं समज. बुडाला लावतात तो तांब्याचा रंगही त्यासाठीच नको.

बाकी गंमत वाटते रे. आमच्या मालवणात आगोटीच्या आधी होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवायचे, लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल पाजायचे, आणि नारळी पौर्णिमेला लाल, पिवळी, निळी अशी नवरीसारखी नटवून पाण्यात. होडी लांबून ओळखू यायला रंगवायची असते. तू पहिला जो दिसू नये म्हणून रंगवतोयस 😄

– मालवणी काका

---

काकांच्या खाली दोन शब्द माझे, कारण पक्षी हा माझा विषय.

दुकानातला तो हिरवागार कॅमोफ्लाज ऑक्टोबरात उठून दिसतो रे, तोवर पाणकणीस वाळून भाताच्या पेंढ्यासारखं झालेलं असतं. तेव्हा मूळ रंग पेंढ्याचा ठेव, त्यावर तपकिरी, आणि काळा अगदी थोडा, खालच्या अंगाला सावलीपुरता. छाप विकत घेऊ नकोस, तुझ्याच तळ्याच्या काठची पाती काप, बोटीवर उभी तिरकी धर आणि वरनं हलका फवारा मार, मग पाती सरकव आणि दुसरा रंग. चमक नको, मॅटच हवा. रंगापेक्षा चकाकी आणि हालचाल जास्त घात करतात. आणि सगळे विसरतात ते म्हणजे आतली बाजू! बदकं वरनं येतात, त्यांना तुझं चकाकणारं बाकच आधी दिसणार.

नोंदणीचा नंबर मात्र झाकायचा नाही. पुढे दोन्ही बाजूंना निदान ३ इंची अक्षरं, उठून दिसणाऱ्या रंगात, हा नियम आहे. बोटीवर कोरलेला ओळख क्रमांकही रंगाखाली जाऊ नये म्हणून रंगवताना त्यावर टेप लाव, नंतर काढ. आणि दुसऱ्या मोटरबोटवाल्यालाही तू दिसणार नाहीस, म्हणून जाता येता एक नारिंगी झेंडा लावून ठेव. मुलं बरोबर असली तर १० वर्षांखालच्यांना लाइफ जॅकेट घातलेलंच हवं, नुसतं बोटीत ठेवून चालत नाही.

– ताई

---

मंडळी, झाली एकदाची!

११ रिव्हेट गळत होते. काका दोन शनिवार आले, वहिनींनी डबा पाठवला, ऋणी आहे. फोम उचलताना दोघं लागलो इतका तो पाणी प्यायलेला. प्रायमर चांगला बसला पण पहिला खाकी हात मी संध्याकाळी मारला आणि रात्री दव पडलं, सकाळी बघतो तर कोड फुटल्यासारखे डाग, सगळं परत घासलं. पात्यांचे ठसे मात्र असे उठलेत की बायको स्वतः बाहेर येऊन बघून गेली, जी बोटीकडे बघतसुद्धा नव्हती.

काल पाण्यात घातली. पाच मिनिटांत पायाशी पाणी. काकांना फोन केला की सगळे रिव्हेट गेले म्हणून. काका म्हणाले प्लग (पाणी काढायच्या भोकाचं बूच) लावलास का? इथे रस्त्यावरनं बोट नेताना प्लग काढूनच न्यावा लागतो ना, तळ्यातले नको ते जीव दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून, तो मी काढला होता आणि माझ्या पँटच्या खिशात होता.

खाकीचा दीड कॅन आणि मूठभर रिव्हेट उरलेत. कोणाला हवेत तर आरतीला येताना घेऊन येतो.

– बोटवाला