क्षेपणास्त्राच्या वंशात नसलेली रॉकेटं: जपान आणि भारताला वेगळं मोजायला हवं की नको?

निरभ्र (धागाकर्ता):

स्वतःच्या रॉकेटने स्वतःचा उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या देशांची यादी स्पर्धा परीक्षेची मुलं घोकतात. सोव्हिएत संघ १९५७, अमेरिका १९५८, फ्रान्स १९६५, जपान आणि चीन १९७०, ब्रिटन १९७१, भारत १९८०. भारत सातवा, एवढं सांगितलं की विषय संपतो. माझं म्हणणं असं की क्रमांकापेक्षा ते रॉकेट आलं कुठून ते बघा. तसं बघितलं तर या सातांत जपान आणि भारत यांची रांग वेगळी लागते.

पहिला उपग्रह स्पुटनिक ज्यावर बसून गेला ते सोव्हिएत अभियंता कोरोलेव्हचं आर-७ रॉकेट हायड्रोजन बॉम्ब अमेरिकेपर्यंत पोचवण्यासाठी बांधलं होतं. २१ ऑगस्ट १९५७ ला त्याने क्षेपणास्त्र म्हणून पूर्ण पल्ला गाठला आणि दीड महिन्यात त्याच रॉकेटने ८३.६ किलोचा गोळा कक्षेत ठेवला. अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ ज्याने नेला तो ज्युनो म्हणजे रेडस्टोन क्षेपणास्त्राचा वाढवलेला अवतार, आणि रेडस्टोनचा बाप जर्मनांचं महायुद्धातलं व्ही-२ क्षेपणास्त्र. चीनचं लाँग मार्च-१ हे डीएफ-४ क्षेपणास्त्रावर तिसरा टप्पा चढवून झालं. फ्रान्सचं दियामां हे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांसाठी केलेल्या चाचणी रॉकेटांमधून आलं. ब्रिटनच्या ब्लॅक अ‍ॅरोचा पूर्वज ब्लॅक नाइट हा ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्राचं टोक वातावरणात परतताना टिकतं का, हे तपासायला बनवला होता.

आता जपान. १९५५ साली टोकियोजवळच्या कोकुबुंजीत हिदेओ इतोकावा यांनी २३ सेंटिमीटर लांबीची पेन्सिल रॉकेटं आडवी उडवून दाखवली. हे विद्यापीठाचं काम, लष्कर त्यात नाही. पुढे कप्पा आली, लॅम्डा आली. उपग्रहाची वेळ आली तेव्हा देशातच आक्षेप निघाला की रॉकेटला दिशा-नियंत्रण यंत्रणा बसवली तर ते क्षेपणास्त्रच होईल. म्हणून लॅम्डा-४एस ती यंत्रणा न बसवताच कक्षेकडे पाठवायचं ठरलं.

हे कसं जमवलं ते मुद्दाम सांगतो, कारण इतकी हुशारीची गोष्ट मराठीत क्वचितच कोणी लिहितं. रॉकेट तिरक्या रुळावरून सुटायचं. शेपटीचे पंख आणि स्वतःभोवतीची गिरकी यांनी ते स्थिर राहायचं, आणि मार्ग वाकवण्याचं काम गुरुत्वाकर्षणावर सोपवलेलं. तिसरा टप्पा जळून संपला की उरलेला भाग नुसत्या वेगावर वर चढत राहायचा. त्या चढाच्या माथ्याशी येईतो चौथ्या टप्प्याचं तोंड जमिनीला समांतर वळवायचं, पुन्हा गिरकी द्यायची आणि मग तो पेटवायचा. वळवणं जरा चुकलं की उपग्रह समुद्रात. १९६६ ते १९६९ या काळात चार प्रयत्न फसले. पाचव्याने ११ फेब्रुवारी १९७० ला २४ किलोचा ओसुमी कक्षेत गेला. संपूर्ण रॉकेटचं वजन साडेनऊ टनांच्या आत!

भारताची सुरुवातही अशीच, विज्ञानातून. केरळातलं थुंबा चुंबकीय विषुववृत्तावर आहे म्हणून तिथे वरच्या वातावरणाचा अभ्यास करायचा होता. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं. मग छोटी रोहिणी रॉकेटं, मग उपग्रह सोडणारं एसएलव्ही-३, आणि १८ जुलै १९८० ला श्रीहरिकोट्याहून ३५ किलोचा रोहिणी उपग्रह. त्याच्या आधी आपल्याकडे लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्रच नव्हतं.

शस्त्राच्या पैशांवर उभं राहिलेलं यश आणि हवामान, विज्ञान, शिक्षण यांसाठी उभं केलेलं यश एकाच मापाने मोजू नये, असं मला मनापासून वाटतं.

बारामावळ:

निरभ्र, माहिती उत्तम, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

पहिली गोष्ट, शस्त्राशी संबंध नसलेलं रॉकेट वापरायचा आग्रह सगळ्यात आधी अमेरिकेने धरला होता. व्हॅन्गार्ड हे वायकिंग आणि एरोबी या संशोधन-रॉकेटांवरून बांधलेलं. आयझेनहॉवर सरकारला पहिला उपग्रह त्यावरूनच हवा होता. ६ डिसेंबर १९५७ ला ते जमिनीवरून जेमतेम उठलं आणि जगासमोर पेटलं. उलट फॉन ब्राउनच्या, रेडस्टोन क्षेपणास्त्रावरून केलेल्या ज्युपिटर-सी रॉकेटने सप्टेंबर १९५६ मध्येच सुमारे १,१०० किलोमीटर उंची गाठली होती. वरचा टप्पा मुद्दाम निष्क्रिय ठेवला होता, नाहीतर स्पुटनिकच्या वर्षभर आधी उपग्रह गेला असता. म्हणजे तुम्ही ज्या तत्त्वाचा गौरव करताय त्याच तत्त्वापायी अमेरिकेचा पहिला नंबर गेला. आणि १७ मार्च १९५८ ला व्हॅन्गार्ड-१ कक्षेत पोचलाच. तो दीड किलोचा गोळा अजून फिरतोय. त्यामुळे 'जपान आणि भारतच' हे विधान टिकत नाही.

दुसरी गोष्ट, थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट नायकी-अपाची. त्यातला नायकी म्हणजे अमेरिकेच्या विमानवेधी क्षेपणास्त्राचा खालचा टप्पा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: २२ मे १९८९ ला अग्नी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. तिचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ चाच होता. बाकीच्यांनी शस्त्रातून रॉकेट काढलं, आपण रॉकेटातून शस्त्र काढलं. भौतिकशास्त्र दोन्हीकडे तेच. यात नैतिक उंची शोधायची कशाला? देशाला दोन्हींची गरज होती, दोन्ही मिळवलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

कृष्णाकाठ:

दोघांच्या वादात एक माणूस राहून जातोय, म्हणून लिहितो. वसंत गोवारीकर. जन्म पुण्याचा, वाढले कोल्हापुरात, पीएच.डी. बर्मिंगहॅमची. साराभाईंच्या काळात ते थुंब्याला आले आणि घन इंधनाचं काम उभं केलं. एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे. पहिल्या टप्प्यातच साधारण नऊ टन. अमोनियम परक्लोरेट, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारा रबरासारखा बहुवारिक (पॉलिमर) हे सगळं कालवून साच्यात ओतायचं आणि घट्ट होऊ द्यायचं. आत एखादी पोकळी किंवा चीर राहिली तर ज्वाळेला अचानक जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब वाढतो आणि कवच फुटतं. नऊ टनांत अशी एकही चीर नको. १९८० ला रोहिणी कक्षेत गेला तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक गोवारीकरच होते.

नायकी-अपाचीबद्दल बारामावळ यांचं बरोबर आहे, पण ते आयतं आणलेलं पाहुण्यांचं रॉकेट. ते उडवणं वेगळं आणि स्वतःची रसायनं शिजवून १७ टनांचं रॉकेट उभं करणं वेगळं. मधे फ्रान्सच्या परवान्यावर सेंटॉर रॉकेटं बनवली, त्यातूनही शिकणं झालं. मला निरभ्र यांचं म्हणणं पटतं, कारण त्या माणसांनी ती रसायनं वातावरणाच्या अभ्यासासाठी शिजवायला घेतली होती.

गावकुस:

मी तिसऱ्याच बाजूने बोलते. रॉकेट कोणाचं, वंश कोणता, यावर इतका जीव का टाकायचा? उपग्रहाने काय केलं ते विचारा.

आर्यभट १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत रॉकेटवरून कापुस्तिन यारहून गेला. ३६० किलोचा, म्हणजे रोहिणीच्या दहापट. उपग्रह बांधायचा कसा हे यू. आर. राव यांच्या चमूने त्यावर शिकून घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दिसू लागले. भारताकडे तेव्हा स्वतःचं रॉकेट नव्हतं आणि एका अर्थी लागलंही नाही. कॅनडाने १९६२ मध्ये अलुएट-१ अमेरिकेच्या रॉकेटवरून पाठवला आणि आयनांबरावर (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर) मोलाचं संशोधन केलं. कॅनडा तुमच्या सातांच्या यादीत नाही म्हणून त्याचं काम हलकं होतं का?

खेड्यात वादळाची सूचना वेळेवर पोचली का, हा माझा प्रश्न आहे. ती सूचना कोणाच्या रॉकेटच्या कृपेने आली याने तिथल्या बाईला काहीही फरक पडत नाही.

निरभ्र (धागाकर्ता):

गावकुसताई, फरक पडतो, आणि तुमच्याच उदाहरणात पडलाय. एटीएस-६ एका वर्षासाठी उसना होता. जुलै १९७६ संपला आणि प्रक्षेपण बंद झालं. उपग्रह अमेरिकेचा, तो त्यांनी परत सरकवून नेला. २,४०० खेड्यांतले संच होते तिथेच राहिले.

याहून बोलकं उदाहरण सिंफोनीचं. फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून दूरसंचाराचा उपग्रह बांधला. युरोपचं स्वतःचं रॉकेट फसत होतं, म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेकडे जावं लागलं. अमेरिकेने अट घातली: उपग्रह प्रयोगापुरता वापरायचा, व्यवसायासाठी नाही. तयार असलेला, चालणारा उपग्रह, पण त्यावर कमाई करायची नाही! युरोपने एरियान रॉकेट बांधायचा हट्ट धरला त्यामागे हा अनुभव होता, आणि २४ डिसेंबर १९७९ ला एरियान उडालं. तोच सिंफोनी आपण १९७७ ते ७९ मध्ये दूरसंचाराच्या प्रयोगांसाठी वापरला, तोही फ्रान्स-जर्मनीच्या मर्जीने. कॅनडाला अमेरिका शेजारी आणि मित्र होती. प्रत्येकाला तसा शेजार लाभत नाही.

बारामावळ, व्हॅन्गार्डचं उदाहरण बिनतोड आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं. ज्या देशाच्या खिशात तयार क्षेपणास्त्र होतं त्याने अडचण येताच ते काढलं आणि ३१ जानेवारी १९५८ ला एक्सप्लोरर पाठवला. जपानकडे असा दुसरा खिसाच नव्हता. लॅम्डा चार वेळा पडली तरी पाचव्यांदा लॅम्डाच.

सूर्योदय:

जपानमध्ये नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे, म्हणून दोन गोष्टी जोडतो. ओसुमी जिथून सुटला ते उचिनौरा डोंगराळ किनाऱ्यावर आहे. सपाट जागा नव्हती, डोंगर कापून पायऱ्यांसारख्या सपाट जागा केल्या. समोरच्या समुद्रात मासेमारी, त्यामुळे मच्छीमारांच्या विरोधाने मधे उड्डाणं काही काळ थांबली आणि पुढेही वर्षातले ठरावीक दिवसच मिळत. मे १९६९ मध्ये संसदेने ठराव केला की अंतराळाचा वापर शांततेसाठीच.

पण जपानला फार पवित्रही करू नका. इतोकावा युद्धकाळात नाकाजिमा कंपनीत लढाऊ विमानांच्या आरेखनावर होते. आणि ओसुमीच्या आधीच, १९६९ मध्ये, जपानने अमेरिकेशी करार केला होता. त्यातून १९७५ ला जे मोठं एन-१ रॉकेट उडालं त्याचा पहिला टप्पा थॉर, म्हणजे पुन्हा अमेरिकेचं क्षेपणास्त्र. वजनदार उपग्रह हवेत म्हटल्यावर पेन्सिलच्या वंशावर थांबता आलं नाही.

बारामावळ:

सूर्योदय यांनी माझं काम हलकं केलं. रॉकेटला धर्म नसतो. इस्रायलने १९ सप्टेंबर १९८८ ला ओफेक-१ सोडला तो जेरिको क्षेपणास्त्राच्या वंशातल्या शावितवरून, आणि टप्पे पूर्वेच्या शेजाऱ्यांवर पडू नयेत म्हणून पृथ्वीच्या फिरण्याविरुद्ध पश्चिमेला, भूमध्य समुद्रावरून. वजनात मोठा तोटा सोसून. त्यांच्या इंजिनिअरांची हुशारी कमी मोजायची का, रॉकेट जेरिकोचं म्हणून? आणि ब्रिटनकडे बघा. २८ ऑक्टोबर १९७१ ला ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून प्रॉस्पेरो कक्षेत गेला, पण कार्यक्रम रद्द केल्याची घोषणा त्याआधी जुलैमध्येच झाली होती. हिशोबनिसांनी सांगितलं की अमेरिकेचं स्काउट रॉकेट स्वस्त पडतं. स्वतःची प्रक्षेपणक्षमता मिळवून सोडून दिलेला तो एकमेव देश. ज्यांच्या रॉकेटमागे लष्कराची गरज उभी होती त्यांचे कार्यक्रम टिकले, हा इतिहास आहे.

निरभ्र (धागाकर्ता):

ओफेकची हुशारी मी कमी मोजत नाही. पण लष्कराची गरज नसेल तर कार्यक्रम मरतो, हे पटत नाही. साराभाई १९७१ मध्ये गेले, १० ऑगस्ट १९७९ चं एसएलव्ही-३ दुसऱ्या टप्प्यात गळती होऊन बंगालच्या उपसागरात पडलं, तरी कार्यक्रम चालू राहिला. अग्नी त्यानंतर दहा वर्षांनी आली. तिच्यासाठी वातावरणात परत येणारं, उष्णता सोसणारं टोक आणि वेगळी दिशा-नियंत्रण यंत्रणा लागली, आणि ते काम हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत नव्याने करावं लागलं. कलाम १९८२ मध्ये त्यासाठी इस्रो सोडून तिकडे गेले. एसएलव्ही-३ आधीच शस्त्र असतं तर ही उठाठेव लागली नसती.

आणि हा भेद मी एकटा करतोय असंही नाही, सगळं जग करतं. दक्षिण कोरियाच्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यावर अमेरिकेशी १९७९ पासून ठरलेल्या मर्यादा होत्या. मोठ्या घन इंधनाच्या रॉकेटांनाही त्या अडवत. म्हणून ३० जानेवारी २०१३ ला त्यांच्या भूमीवरून पहिला उपग्रह कक्षेत गेला तो रशियाने बनवलेल्या पहिल्या टप्प्यावर. पूर्ण स्वतःचं, द्रव इंधनाचं नुरी कक्षेत पोचलं २१ जून २०२२ ला. घन इंधनाची अट त्याच्या दोनच वर्षं आधी, २०२० मध्ये उठली होती. त्यांच्याच सीमेपलीकडे उत्तर कोरियाने डिसेंबर २०१२ मध्ये उपग्रह सोडला, तर सुरक्षा परिषदेने तो क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाचा वापर म्हणून निषिद्ध ठरवला. महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, एकाच द्वीपकल्पातून दोन उपग्रह. एकाचं अभिनंदन, दुसऱ्यावर निर्बंध.

गावकुस:

एटीएस-६ परत नेला हे खरंच, पण आपलं दूरदर्शन आणि हवामानाची चित्रं घरोघर आणली ती इन्सॅट-१बी ने, आणि तो १९८३ मध्ये अमेरिकेच्या शटलमधून गेला. विकत घेतलेला उपग्रह, विकत घेतलेलं उड्डाण. तेव्हा एसएलव्ही-३ ची ताकद चाळीसेक किलोंची होती. त्या रॉकेटवर विसंबलो असतो तर दहा वर्षं आणखी थांबलो असतो. स्वतःचं रॉकेट हवंच, पण पहिल्या सातांत मान कोणाचा मोठा यापेक्षा १९८० ते १९९४ या काळात, म्हणजे पीएसएलव्ही यशस्वी होईपर्यंत, आपण दोन्ही वाटांवर पैसा कसा वाटला, यावर कोणीतरी नीट लिहा. मला त्या वाटपाचा निर्णय १९८० च्या उड्डाणाहून मोठा वाटतो.