स्कॅनमध्ये बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला, घरात ग्रहणाचा विषय चाललाय

कोपरीकर:
नमस्कार, ठाणे पूर्वला राहतो. काल बायकोचा 20व्या आठवड्याचा स्कॅन झाला, बाळाचा वरचा ओठ डावीकडे दुभंगलाय म्हणाले, बाकी सगळं नॉर्मल. घरी आल्यापासून आईचं एकच चालू, 7 सप्टेंबरच्या ग्रहणाचे वेध लागल्यावर हिने भाजी चिरली म्हणून झालं. बायको रात्रभर रडत होती, जेवली पण नाही. हे नेमकं होतं कशाने, आईला काय सांगू?

वाशीचा डेंटिस्ट:
भाऊ, आधी आईंना तारखा दाखवा. ग्रहणाला वहिनींना 16-17वा आठवडा चालू असणार, ओठ त्याच्या कितीतरी आधी बनतो. चेहरा सुरुवातीला अखंड नसतोच, कपाळाकडून एक, गालांकडून दोन आणि खालच्या जबड्याचे दोन असे पाच उंचवटे वाढत येऊन जुळतात. वरचा ओठ गर्भ राहिल्यापासून 6-7 आठवड्यांत जुळतो, कित्येकींना तेव्हा दिवस गेलेत हेच नुकतं कळलेलं असतं. एका बाजूला जुळणी राहिली की फट, आणि ती डावीकडे जास्त. टाळूच्या, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताच्या, दोन पट्ट्या आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभ्या लोंबतात, मग जीभ खाली जाते, त्या आडव्या होऊन मधोमध जुळतात, 12व्या आठवड्यापर्यंत तेही संपतं. आईंना म्हणावं जीभ टाळूवर मधोमध फिरवा, बारीक रेघ लागते ना, तीच ती शिवण, सगळ्यांना असते.
कारण एकच असं नसतं. थोडं जीन्सचं, शिवाय सिगरेट, फिटची व्हॅल्प्रोएटसारखी गोळी, आधीपासूनचा डायबेटिस याने रिस्क वाढते, पण बऱ्याच घरांत यातलं काहीच सापडत नाही. साधारण 700 बाळांत एकाला होतं हे. वहिनींचा यात काहीएक दोष नाही, हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा, आजच.

ऐरोलीची आई:
माझ्या लेकीला ओठ आणि टाळू दोन्ही होतं. जिथे डिलिव्हरी झाली तिथे दूध कसं पाजायचं हे कोणी धड सांगितलंच नाही, पहिले चार दिवस दूध नाकातून यायचं आणि मी नुसती घाबरून बसायचे. नंतर एका सिस्टरने शिकवलं, बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, मऊ दाबायची बाटली, थोडं थोडं पाजायचं आणि मधेमधे ढेकर काढायची. ओठाचं ऑपरेशन चौथ्या महिन्यात झालं, टाळूचं अकराव्या. टाळूही दुभंगलेला असेल तर कानात पाणी साठतं, ऐकू येण्याची टेस्ट चुकवू नका. आता पहिलीत आहे, स्पीच थेरपी चालू आहे, बडबड थांबत नाही.

माजिवड्याचा दादा:
खर्चाचं टेन्शन घेऊ नका. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ-टाळू येतो, ऑपरेशन मोफत होतं. सिव्हिलमध्ये आत्ताच चौकशी करून ठेवा.

कोपरीकर:
सगळ्यांचे आभार. बायकोला सगळं वाचून दाखवलं. आईने दोनदा जीभ फिरवून बघितली, बोलली काही नाही, पण आज ताट वाढून हिच्याकडे आत घेऊन गेली. एकच, स्कॅनमध्ये टाळूबद्दल काही लिहिलं नाहीये, म्हणजे टाळू ठीक धरायचा का?

वाशीचा डेंटिस्ट:
नाही, तसं धरू नका. टाळूची फट सोनोग्राफीत बऱ्याचदा सुटते. जन्मल्यावर लगेच टॉर्च लावून अगदी पडजिभेपर्यंत बघायला सांगा, नुसतं बोट फिरवून नाही.