कोकाची शेती किती जुनी? आणि स्पॅनिश लोकांनी बंद का नाही केली?

डोंगरवाट: कोका, म्हणजे ज्याच्या पानातून कोकेन काढतात ते झाड, म्हटलं की आपल्या डोक्यात डायरेक्ट ड्रग्ज येतं, पण परवा बोलिव्हियाचा एक व्हिडिओ बघितला, त्यात बायका अंगणातल्या फरशीवर कोकाची पानं वाळत घालत होत्या, आपल्याकडे मिरच्या घालतात तसं, लपवाछपवी काहीच नाही. ही शेती किती जुनी आहे? आणि स्पॅनिश राज्यात टिकली कशी?

चुन्याची डबी: खूपच जुनी. पेरूच्या नान्चोक खोऱ्यात चघळलेली पानं आणि सोबत चुना सापडलाय, साधारण ८००० वर्षांपूर्वीचा. आपल्या पानाला चुना लागतो ना, तसंच. चुना नाहीतर राखेची गोळी तोंडात नसेल तर पानाचा असर नीट उतरत नाही. बाकी नुसतं पान म्हणजे कोकेन नव्हे, ते वेगळं काढलं १८६० च्या सुमारास जर्मनीत.

जुनी बखर: पाद्र्यांनी सैतानाचं पान म्हणून बंदी मागितली होती की. पण १५४५ ला आताच्या बोलिव्हियातल्या उंच डोंगरावर, पोतोसीला, चांदी सापडली, आणि एवढ्या उंचीवर उपाशीपोटी खाणीत राबणारा माणूस पानाशिवाय उभाच राहीना. मग काय, व्यापारी गब्बर झाले आणि चर्चसुद्धा त्याच कोकावर दशांश घ्यायला लागलं 😄 मेले ते डोंगरातले मजूर, ज्यांना खालच्या गरम दमट खोऱ्यात कोकाच्या मळ्यात नेलं.

बांधावरून: शेतीचं सांगतो. बोलिव्हियाच्या युंगास या डोंगरउताराच्या भागात उभ्या उतारावर पायऱ्या पाडून लावतात. बी लगेच मरतं म्हणून ताजंच पेरायचं, रोप सावलीत वाढवून पावसाळ्यात लावायचं, मग एकेक झाड वीस-तीस वर्षं चालतं आणि वर्षाला तीन-चार तोडण्या. तोडणी जास्त करून बायकाच करतात. खरी धाकधूक वाळवणीची, पान भिजलं की काळं पडतं आणि भाव गेलाच. द्राक्ष-बेदाण्यावाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

डोंगरवाट: भारी! मग आता तिथे कायद्याने चालतं का सगळं?

जुनी बखर: अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात २५ वर्षांत चघळणं बंद करायचं ठरलेलं, ते काही झालं नाही. बोलिव्हिया करारातून बाहेर पडला आणि २०१३ ला चघळण्याची सूट ठेवून परत आत आला. २०१७ च्या कायद्यात २२,००० हेक्टरला परवानगी आहे, त्यातले १४,३०० युंगासला, बाकी चापारेला, म्हणजे तिथल्या दुसऱ्या कोकाच्या भागाला. त्यावरून दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची भांडणं चालूच असतात.