मदत हवी आहे : ग्रिलच्या टेबलाचे पाय किती जाडीचे घ्यावेत?

निखारा
नमस्कार. घराबाहेर ठेवायच्या, अन्न भाजण्याच्या ग्रिलसाठी लाकडी टेबल करायला घेतले आहे. आराखडा तयार आहे; पायांसाठी 50 मिमी चौरस लाकूड पुरेल की 100 मिमीचे घ्यावे, एवढेच ठरत नाही. लाकूड उद्या कापायचे असल्याने कृपया नेमके उत्तर द्यावे. टेबल भक्कम हवे, ही एकच अट आहे. तयार स्टँड विकत घेण्याचा सल्ला नको.

रंधा
ग्रिल कोणते, त्याचे वजन किती, ते टेबलावर बसणार की फळीतल्या भोकातून खाली उतरणार आणि टेबल फरशीवर उभे राहणार की मातीवर, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. केवळ जाडीच्या दोन आकड्यांवरून काय सांगणार?

सागप्रेमी
साग घ्या आणि निश्चिंत व्हा. सागात मुळातच तेल असल्यामुळे ऊन-पाऊस आणि वाळवी या दोन्हींना तो इतर लाकडांपेक्षा पुष्कळ चांगला तोंड देतो. बाहेर ठेवायच्या वस्तूसाठी दुसऱ्या लाकडाचा विचारही मी करत नाही.

निखारा
मी जाडी विचारली होती, लाकडाची जात नव्हे. ग्रिल सिरॅमिकचे, अंड्याच्या आकाराचे आहे आणि वजन सुमारे 90 किलो आहे. ते भोकातून खाली उतरून खालच्या फळीवर बसेल, हे उघडच आहे. जमीन फरशीची आहे.

काटकोन
उघड नव्हते, पण आता बोलता येईल. निव्वळ वजनाचा प्रश्न असेल, तर चांगल्या लाकडाचा 50 मिमी चौरस पाय उभ्या दाबाखाली काही शे किलो सहज पेलतो, त्यामुळे चार पायांना 90 किलोची भीती नाही. टेबल निकामी होते ते बाजूने बसणाऱ्या धक्क्याने. जड झाकण मागे उघडले की भार मागे सरकतो, चौकट किंचित तिरपी होते, आणि सांधा नुसत्या स्क्रूवर असेल तर प्रत्येक वेळी त्याचे भोक थोडे थोडे मोठे होत जाते. म्हणून पायात खाच पाडून आडव्या पट्टीचे कुसू (म्हणजे खाचेच्या मापाने बारीक केलेले टोक) त्यात बसवावे किंवा अर्धा-अर्धा कापलेला सांधा करून आरपार बोल्ट आणि वायसर लावावेत. मागच्या बाजूला एक तिरका आधार दिला, तर चौकटीत त्रिकोण तयार होऊन ती डुगडुगणे थांबते. माझ्या मते 100 मिमीचा डुगडुगणारा पाय 50 मिमीच्या घट्ट पायापेक्षा वाईट.

लोखंडी
हा सगळा खटाटोप कशासाठी? लोखंडी अँगलची चौकट जोडून घ्या आणि वर फळ्या टाका. खालच्या फळीवर पत्रा ठोकला की उष्णतेचाही प्रश्न मिटतो. माझे टेबल असेच आहे आणि त्याला अजून काहीही झालेले नाही.

रंधा
चौकटीबद्दल माझा आक्षेप नाही, परंतु पत्र्याबद्दलचे विधान धोकादायक आहे. पत्रा उष्णता अडवत नाही, उलट ती पसरवून खालच्या लाकडाला देतो. लाकूड साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला पेट घेते हे खरे असले, तरी दीर्घकाळ त्याहून कमी उष्णतेत भाजत राहिलेले लाकूड काळवंडते आणि पुढे कमी तापमानालाही पेटू शकते. त्यामुळे ‘अजून काही झाले नाही’ हा पुरावा होत नाही. ग्रिलखाली काँक्रीटची जाड लादी ठेवावी आणि ग्रिल तिच्यावर सिरॅमिकच्या पायांनी उचललेले असावे, म्हणजे मधून हवा खेळेल. वरच्या भोकाच्या कडेलाही सर्व बाजूंनी मोकळी जागा सोडावी. ती किती, हे ग्रिलच्या पुस्तिकेतून घ्यावे.

लोखंडी
पत्र्याखाली वायसर घालून फट ठेवली तर चालते. ते लिहायचे राहिले.

रंधा
मुख्य गोष्ट तीच होती.

तेलपाणी
जवसाचे तेल लावणार असाल, तर तेलाच्या चिंध्या बोळा करून कधीही टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडून चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

निखारा
तेलाबद्दल मी विचारलेच नव्हते, तरी आभार. काटकोन यांचा मुद्दा पटला. सांधे खाच पाडूनच करतो आणि पाय 50 मिमीचेच घेतो. चाके त्यांच्याच टोकांना लावीन.

काटकोन
चाके? ती आराखड्यात होती?

निखारा
अर्थात. टेबल हलवायचे असल्याशिवाय चाके कोण लावेल?

रंधा
मग आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर चाकांवर अवलंबून आहे. चाकाच्या पट्टीला चार स्क्रू लागतात आणि 50 मिमीच्या टोकावर ती पट्टी बहुधा मावणार नाही. मावली तरी ते स्क्रू पायाच्या टोकातून धाग्यांच्या दिशेने शिरतील, आणि तसे शिरलेले स्क्रू आडव्या धाग्यांत बसवलेल्यांइतके धरत नाहीत. म्हणून पाय 100 मिमीचे घेतले तरी पट्टी टोकाला लावू नये. पायांच्या खालच्या टोकांशी जाड आडव्या पट्ट्या जोडून चाके त्यांना खालून बोल्टने बसवावीत. चारही चाके ब्रेकची आणि अशी निवडावीत की कोणतीही तीन मिळून सगळा भार पेलतील, कारण फरशी थोडी उंचसखल असली की एक चाक अधांतरी राहते. अशी रचना केलीत तर 50 मिमीचे पाय चालतील, तरी मी 75 चे घेईन, म्हणजे कुसवासाठी खाच पाडल्यावर दोन्ही बाजूंना पुरेसे लाकूड उरेल. आणि उद्या कापण्यापूर्वी पाहा : पायांची लांबी ठरवताना चाकाची उंची वजा केली आहे ना?

निखारा
आराखडा पुन्हा काढतो. उद्या फक्त वरच्या फळ्या कापीन.

सागप्रेमी
त्या तरी सागाच्या घ्या.